सवतीचा टाक

शुक्रवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी शिवकन्यानं शिलाईच्या कात्रीनं गळ्यातला काळा दोरा कापला. दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक तिनं तळहातावर घेतला आणि समोरच्या सुपात, निवडून ठेवलेल्या तुरीवर ठेवला. मंगळसूत्राला तिनं हात लावला नाही.

घरात तेव्हा ती धरून पाच माणसं होती. सासू कोंडाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. नवरा व्यंकट उंबऱ्यावर. आतल्या दाराच्या चौकटीला टेकून व्यंकटच्या पहिल्या बायकोची मुलगी विजयश्री उभी होती. घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर त्या पहिल्या बायकोचा, मंगलचा, भाऊ राघोबा बसला होता. कोंडाबाईनं आदल्या दिवशी फोन केला म्हणून तो सकाळच्या बसनं नौबादहून आला होता. 'काढायचाच असंल तर माझ्यादेखत काढ,' असं त्यानंच म्हटलं होतं. ती खरंच कात्री आणील असं त्याला वाटलं नव्हतं.

"बांध," कोंडाबाई म्हणाली. "गुमान परत बांध."

"न्हाई, अत्या."

"बघा राघोबा, बघा हिचं त्वांड. आयतवारी हुमनाबादला हिला पाण्यात बुडवायलेत. म्हशी बी रोज तळ्यात बुडून येतेत, त्या काय पवित्र होतेत व्हय?"

कुणी हसलं नाही. व्यंकटनं खिशातून तंबाखूची पुडी काढली, उघडली आणि तशीच बंद केली.

टाक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा. त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, निऱ्यांच्या जागी तीन रेघा. मंगल काविळीनं गेली त्याला चौदा वर्षं झाली होती. वर्षभरानं व्यंकटचं दुसरं लग्न लागलं, तेव्हा मंगळसूत्राच्या आधी हा टाक शिवकन्याच्या गळ्यात पडला. तो बांधला राघोबाच्या आईनं. मेलेल्या बायकोचा घरातला मान असा राखायचा, ही रीत. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला दाखवायचा. 'ताई, आधी तू' असं म्हणायचं. त्याच्या बदल्यात मेलेलीचं माहेर ते दुसरीचं माहेर होतं. शिवकन्याचे आईबाप लवकर गेलेले, भाऊ नव्हताच. तेरा दिवाळ्या राघोबा साडी घेऊन आला होता, आणि तेरा दिवाळ्या तिनं त्याला अण्णा म्हणून ओवाळलं होतं.

मंगलचा फोटो कुणाकडेच नव्हता. त्यामुळं विजयश्रीला लहानपणापासून शिकवलं गेलं, की टाक ही आई आणि शिवकन्या ही मावशी. रोज शाळेला निघताना ती यायची, शिवकन्याच्या छातीवरचा टाक चिमटीत उचलायची आणि दोन्ही डोळ्यांना लावायची. श्वास घ्यायला लागावा तेवढाच वेळ. सुरुवातीला तिला उचलून घ्यावं लागे. पुढं ती टाचा उंचावू लागली. कॉलेजात, पीयूसीला गेल्यापासून तिला वाकावं लागत होतं. शिवकन्या हातातलं काम तेवढ्यापुरतं थांबवायची. पोरीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास असायचा.

तीन आठवड्यांपूर्वी हे बंद झालं. परीक्षा जवळ आली, पोरगी मोठी झाली, असं शिवकन्यानं धरून चाललं. टाक उतरवायचा हे तिच्या मनात तेव्हा पक्कं होत आलं होतं. सांगायचं कसं हा एक घोर कमी झाला, असंही तिला वाटून गेलं होतं.

"एकच सांग मला," राघोबा म्हणाला. "कुणी शिकवलं हे? ती ब्लाऊज शिवून घ्यायला येती ती बाई?"

"कुणी न्हाई शिकवलं अण्णा. माझं मन."

"मन! तेरा वर्सं कुठं गेलतं हे मन?"

तेरा वर्षांत काय झालं ते राघोबाला माहीत होतं. शिवकन्याचं पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. दुसरं सहाव्यात. तिसरा मुलगा पुरे दिवस भरून जन्मला आणि नऊ दिवस जगला. गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, रक्तातच दोष आहे म्हणाल्या, गोळ्या लिहून दिल्या. कोंडाबाईनं ती चिठ्ठी पत्र्याच्या डब्याखाली ठेवली आणि सुनेला देवऋष्याकडं नेलं. मंगल खपवून घेईना, मंगलनं खाल्लं, असं तिथं ठरलं. मग टाकाला हिरवी साडी, टाकाला खण, टाकासाठी अकरा सोमवार. कूस उजवली नाही. ज्या बाईला शिवकन्यानं कधी पाहिलं नव्हतं, ती तिच्या गळ्यात बसून तिची लेकरं खात होती. झोपेत कूस बदलताना टाक कातडीला टोचायचा आणि तिला घाम फुटायचा.

हुमनाबादच्या एका लहान चर्चच्या पाळकाची बायको कमलम्मा तिच्याकडं शिलाई टाकायची. एकदा माप देता देता तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेलेल्या माणसाला हात नसतात, अक्का."

तेवढंच. शिवकन्या दुसऱ्या रविवारी प्रार्थनेला गेली ती त्या एका वाक्यासाठी. गेल्या दोन वर्षांत तिनं एकेक सोडलं. मनगटातला गंडा, मशीनला बांधलेलं लिंबू, देवऋष्याचा अंगारा. सासूच्या देव्हाऱ्याला तिनं कधी बोट लावलं नाही. फक्त तिथं दिवा लावायचं थांबवलं. टाक तेवढा राहिला. तो काही तिच्या एकटीचा नव्हता.

"हे बग," राघोबा पुढं झुकला. "तू कुणाला भजायचं ते तू बग. मी मधी पडत न्हाई. पण टाक न्हाई तर नातं न्हाई. आन नातं न्हाई तर भाची हितं कामून ठेवू मी?"

"मी सांभाळलंय तिला अण्णा. चार वर्साची व्हती."

"मंगलच्या नावानं सांभाळलीस. नाव तर आत्ता कापलीस."

"बरोबर हाय," कोंडाबाई म्हणाली. "सवाष्ण मेलेली माझी सून. तिचा मान जाणार असंल तर ह्या घरात मी बी हिच्या हातचं खाणार न्हाई."

शिवकन्यानं कात्री मिटली. हे होणार हे तिनं धरलेलंच होतं. राघोबा चिडेल, सासू जेवण टाकेल, गाव महिनाभर बोलेल. त्या सगळ्यांसाठी तिनं उत्तरं ठरवली नव्हती. उत्तर ठरवलं होतं ते चौकटीला टेकलेल्या पोरीसाठी. ती शिकलेली आहे, नीट सांगितलं तर तिला कळेल, हा तिचा हिशेब होता. गेले आठ दिवस मशीनवर पाय चालवताना ती तीच वाक्यं जुळवत होती.

"विजू," ती म्हणाली, "हिकडं बग. चांदीत आई नसतीय बाळा. हा पत्रा हाय. सोनारानं ठोकलेला. ह्यात कुणी बसत न्हाई, ह्यातनं कुणी काही करत न्हाई. तुझी आई तुझीच हाय. ती मी काढली न्हाई. फकस्त पत्रा काढला."

विजयश्री चौकटीपासून हलली नाही.

"बोलून झालं?"

"व्हय."

पोरीनं ओढणीच्या गाठीतून मोबाइल काढला. बोटानं दोन-तीनदा वर सारलं, आणि पुढं येऊन तो तुरीच्या सुपात, टाकाशेजारी उभा धरला.

पडद्यावर शिवकन्या होती. हिरव्या साडीत, निळ्या भिंतीपुढं. मागं कुठंतरी पंखा कुरकुरत होता. आवाज तिचाच, पण ती घरात बोलायची त्यापेक्षा मोठा.

"तेरा वर्सं एका मेलेल्या बाईचं भूत माझ्या गळ्यात व्हतं," पडद्यावरची शिवकन्या म्हणाली. "तिनं माझी तीन लेकरं खाल्ली. प्रभू येशूनं मला तिच्या हातातनं सोडवलं."

मागून बऱ्याच जणांचा 'हालेलूया' आला आणि व्हिडिओ संपला. एक्केचाळीस सेकंद.

राघोबानं तो आजवर पाहिला नव्हता. कोंडाबाईनंही नाही. व्यंकट उंबऱ्यावरून उठला, पण पुढं आला नाही.

"कॉलेजात दाखवला मला," विजयश्री म्हणाली. "तीन हप्ते झाले. ही तुझी मावशी ना गं, म्हणून. भूत कोण मग, म्हणून."

"विजू, ते साक्षीत—"

"आज्जी म्हणायची. मी एवढीशी व्हते तवापासून म्हणायली. तुझ्या आईनं खाल्लं, तुझ्या आईनं खाल्लं. पाव्हण्यांसमोर बी, आन मला न्हाऊ घालताना बी." पोरीनं आजीकडं पाहिलंही नाही. "तू कवा म्हणली न्हाईस. एकदा बी न्हाई. आज्जी बोलायली की तू मला दुकानाला पाठवायचीस."

शिवकन्याच्या ओठावर एक वाक्य आलं होतं. मला तसं सांगायला लावलं, असं. त्यात थोडं तथ्यही होतं. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिली त्या दिवशी पहिल्यांदा ती फक्त 'मला लई भ्या वाटायचं, आता वाटत न्हाई' एवढंच बोलली होती. कमलम्मानं मोबाइल खाली घेतला होता आणि म्हटलं होतं, 'थोडं जोर देऊन सांगा अक्का, कशानं बांधलेलं होतं ते लोकांना कळायला पाहिजे.' पण शब्द कमलम्मानं दिले नव्हते. ते शिवकन्याकडं तयार होते. बोलताना पोट हलकं झाल्यासारखं वाटलं होतं, हेही तिला आठवलं. तिनं वाक्य गिळलं.

"टाकात काई नसतंय, आत्ताच म्हणलीस," विजयश्री म्हणाली. "मग लेकरं खाल्ली कुणी?"

शिवकन्याच्या हातात कात्री होती. ती तिनं मशीनच्या खणात ठेवली, खण लावला, आणि हात तिथंच राहिला.

राघोबा खुर्चीवरून उठला. तुरीवरचा टाक त्यानं उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि भाचीपुढं धरला.

"घे. चल. आपल्या घरी राहील तुझी आई."

"मला नको."

"आगं—"

"मला नको ते, मामा. त्यात आई न्हाई. हिलाच वाटतंय, हाय म्हणून." मग शिवकन्याकडं न बघता ती म्हणाली, "मी यायलेय तुमच्यासंगं. कपडे घेते."

टाक राघोबाच्या हातात तसाच राहिला. तो कुणाकडं द्यायचा हे त्याला कळेना. शेवटी कोंडाबाईनं उठून तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि पुटपुटत देव्हाऱ्याकडं गेली. तांब्या आपटल्याचा आवाज आला.

अकरा चाळीसला विजयश्री पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत चार ड्रेस, पीयूसीची पुस्तकं आणि मोबाइलचा चार्जर होता. शिवकन्यानं डब्यात भाकरी आणि तुरीच्या डाळीचं वरण भरलं होतं. डबा ओट्यावर राहिला. व्यंकटनं पिशवी मोटारसायकलला अडकवली. मामा-भाची रस्त्यापर्यंत चालत गेले.

बस गेल्यावर व्यंकट परत आला. हायवेवरच्या टायरच्या दुकानात त्याला दुपारची पाळी होती. कपडे बदलून झाल्यावर तो बायकोला म्हणाला, "टाक काढलीस, त्याचं मला काई न्हाई. पण असलं बोलायचं व्हतं तर घरात बोलायचं व्हतं. माझ्यासंगं बोलायचं व्हतं. मोबाइलवर कामून?"

उत्तराची वाट न पाहता तो पाळीला गेला.

तीन वाजता तिनं कमलम्माला फोन लावला.

"प्रभूची स्तुती असो, अक्का. उतरवला का?"

"उतरवला. कमलम्मा, तो व्हिडिओ काढून टाका."

"कामून? गुलबर्ग्याच्या सभेत दाखवला की आपण. दोन बायका उभ्या राहिल्या तो बघून. रडायल्या. दोघींचीही लेकरं गेली म्हणे."

"काढून टाका. ते खोटं हाय."

पलीकडं भांडी घासल्याचा आवाज थांबला.

"काय खोटं?"

"तिनं न्हाई खाल्ली माझी लेकरं. मला दुखणं व्हतं. डॉक्टरीणबाईनं सांगितलंतं मला, लिहून दिलंतं. मी गोळ्या घेतल्या न्हाईत."

"अक्का, अशी साक्ष ऐकून कोण उठून येईल? दुखणं काय, सगळ्यांना असतंय." कमलम्माचा आवाज मऊ झाला. "घरात काही झालंय ना? पोरगी काही बोलली? सैतान घरातल्याच माणसाच्या तोंडानं बोलतो. बाप्तिस्म्याच्या आधी हमखास. तुम्ही हलू नका."

"ती पोरगी हाय," शिवकन्या म्हणाली. "तिला तसलं काई म्हणायचं न्हाई."

"मी कुठं तिला—"

"ह्या घरात एक भूत करून ठेवलंय आधीच. दुसरं नको."

मग कमलम्मा म्हणाली, व्हिडिओ आता तिच्या एकटीच्या हातात राहिलेला नाही, चार-पाच ग्रुपवर गेलाय. आयतवारी नवीन काढू, मनात शांती ठेवून या, पाण्यात उतरायच्या आधी तीच साक्ष पुन्हा नीट सांगा. फोन तिनंच ठेवला.

शनिवारी शिवकन्यानं विजयश्रीला तीनदा फोन केला. दोनदा तो कापला गेला. तिसऱ्यांदा राघोबानं उचलला. "जेवायलीय ती," तो म्हणाला आणि ठेवला. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. अण्णा म्हणायला तोंड उघडेपर्यंत फोन बंद झाला होता. कोंडाबाईनं परसात तीन दगड मांडून स्वतःपुरतं पिठलं केलं आणि भिंतीकडं तोंड करून खाल्लं.

रविवारी सकाळी नऊ वाजता चर्चच्या मागच्या अंगणात सिमेंटच्या हौदापाशी नऊ माणसं रांगेत उभी होती. शिवकन्या शेवटची. व्यंकट फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून होता. आत ये म्हटल्यावर त्यानं मान हलवली होती. प्रत्येकानं आपली साक्ष सांगायची, मग पाण्यात उतरायचं. कुणी दारूतून सुटलं होतं, कुणी करणीतून. प्रत्येकाच्या शेवटी लोक हात वर करत होते. कमलम्मा हौदाच्या कठड्याला टेकून मोबाइल धरून होती.

शिवकन्याची पाळी आली तेव्हा सव्वादहा झाले होते. पाळक कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. आठ जणांना बुडवून वर काढताना त्यांना धाप लागली होती.

"कशातून सुटलात ते सांगा, सिस्टर," ते म्हणाले.

कमलम्मानं मोबाइल वर धरला आणि मान हलवून खूण केली.

"माझ्या सवतीचं नाव मंगल," शिवकन्या म्हणाली. "सव्वीस वर्साची व्हती. काविळीनं गेली. तिला एक पोरगी हाय. ती पोरगी मी वाढवली. माझी तीन लेकरं गेली, ती माझ्या दुखण्यानं गेली. मंगलनं कुणाचं काई खाल्लं न्हाई. मी हितंच, आतल्या निळ्या भिंतीपुढं, तिला भूत म्हणले."

लोक वाट पाहत होते. पुढं काहीतरी येईल, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"मेलेल्याला हात नसतेत, असं मला सांगितलं म्हणून मी हितं आले. माझा विश्वास हाय त्याच्यावर. पण ते बोलताना मीच तिला हात लावून दिले. टाक मी शुक्रवारी काढला. हे काढायचं राहिलंतं."

कुणी हात वर केला नाही. मागच्या रांगेत एक म्हातारा खोकला. कमलम्माचा मोबाइल केव्हाच खाली आला होता. ती कठड्यापासून बाजूला होऊन एका बाईच्या मुलीची ओली वेणी पिळू लागली होती.

पाळकांनी शिवकन्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांनी हात पुढं केला. ती पायऱ्या उतरली. पाणी थंड होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीचे शब्द म्हटले, आणि तिला पूर्ण बुडवून वर काढलं.

निथळत्या साडीनं ती कमलम्मापाशी गेली.

"आलं का मोबाइलमधी? मला पोरीला पाठवायचंय."

"नाही आलं अक्का. चार्जिंग संपलं."

एवढ्यात कमलम्माच्या हातातला मोबाइल वाजला. तिनं नाव पाहिलं, फोन कानाला लावला आणि बोलत बोलत सावलीकडं गेली.

शिवकन्यानं पदर पिळला. फाटकाबाहेर येऊन व्यंकटच्या खिशातला फोन मागून घेतला आणि नौबादचा नंबर लावला. पूर्ण वाजून तो आपोआप बंद झाला. तिनं पुन्हा लावला नाही.

"काय म्हणलीस आत?" व्यंकटनं विचारलं.

तिनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि गाडीला किक मारली. घरी उतरताना म्हणाला, "हे तिला तिथं जाऊन सांग."

"ती भेटंल का?"

"ते मला काय म्हाईत."

सोमवारी सकाळी आठ वाजेपर्यंत पहिला व्हिडिओ चर्चच्या ग्रुपवर तसाच होता. त्याखाली आणखी दोघांनी जोडलेल्या हातांची खूण टाकली होती. विजयश्री नौबादलाच होती.